खिंडीपर्यंत

मंगळवार, २६ नोव्हेंबर २०२४. सकाळचे अकरा वाजून पस्तीस मिनिटे. नववीच्या वर्गात बेचाळीस दप्तरे बाकांवर उघडी ठेवलेली होती आणि त्यांपैकी तीस तपासून झाली होती.

मुख्याध्यापक धुमाळ स्वतः दप्तरांत हात घालत होते. एकाने तपासायचे आणि दुसऱ्याने शेजारी उभे राहून पाहायचे, अशी पद्धत ठरली होती. पाहण्याचे काम नूतन कोंडे यांच्याकडे होते. पुण्यातील एका संशोधन संस्थेसाठी त्या बावीस वर्षे गावोगाव फिरून माहिती गोळा करत आल्या होत्या. या वेळी विषय होता शाळेतील शिस्त आणि हिंसाचाराला प्रतिबंध. विंझर गावाच्या पुढची ही शाळा अभ्यासासाठी निवडली होती, आणि अचानक दप्तर तपासणी हा त्या अभ्यासातलाच एक उपाय होता.

एकतिसावे दप्तर धनश्री मरगळे हिचे होते. नूतनबाईंनी तिच्याकडे पाहिले. मुलगी खिडकीबाहेर पाहत होती.

धुमाळांचा हात दप्तरात थांबला. फडक्यात गुंडाळलेला विळा त्यांनी बाहेर काढला.

"कोयता गँग!" मागच्या बाकावरून बंडू ओरडला. वर्ग हसला. धुमाळ हसले नाहीत.

"मागच्या आठवड्यात बंडूला 'कापीन तुला' म्हणाली होतीस ना गं?"

धनश्री खिडकीकडेच पाहत राहिली.

दुपारी दोन वाजता मुख्याध्यापकांच्या खोलीत सर्व जण जमले. शाळा समितीचे अध्यक्ष सावळाराम रेणुसे खुर्ची ओढून मधोमध बसले. प्रकल्पाची प्रमुख शेफाली हिने लॅपटॉप मिटला. धनश्रीची आई पारूबाई वरच्या वाडीहून उतरून आली होती. तिच्या पदराला गवताची कुसळे चिकटलेली होती आणि ती दाराशीच उभी राहिली.

"हे बघा," धुमाळ म्हणाले, "पुण्यात काय चाललंय ते रोज मोबाईलवर येतं. उद्या काही झालं तर मी काय उत्तर देऊ? मी दाखला देतो. हात जोडतो, तुम्ही दुसरीकडे घाला मुलीला."

दुसरीकडे म्हणजे नसरापूर. वरच्या वाडीहून तिकडे सकाळची एसटी नव्हती. दाखला हातात पडला की धनश्रीची शाळा संपली, हे त्या खोलीत सर्वांना माहीत होते.

"आवं सर," पारूबाई म्हणाली, "इळा म्हंजे हत्यार व्हय? मग आमच्या समद्या वाडीलाच तुरुंगात घाला की. येता-येता शेरडांला गवात कापून आनत्यात पोरी. नववीतल्या सातीच्या साती जनी आनत्यात इळं."

"आनत्यात, व्हय," सावळाराम म्हणाले. "पन करवंदीच्या जाळीत ठेवत्यात, फाटकाच्या भायेर. मलाबी म्हाईत हाय. तुमच्या पोरीचाच आत कसा आला? तेवढं तिनं सांगावं, आन् मोकळं व्हावं. शेफाली मॅडम, तुमच्या नियमात ह्याला काय शिक्षा हाय?"

"शिक्षा आम्ही ठरवत नाही काका. आम्ही फक्त नोंद घेतो."

"झ्याक. आग लावायची आन् नोंद घ्यायची."

शेफालीचा चेहरा लाल झाला. सर्वांनी धनश्रीकडे पाहिले. ती पायाच्या अंगठ्याने फरशीची फट उकरत होती.

उत्तर नूतनबाईंना माहीत होते. दिवाळीची सुट्टी संपताच घेतलेल्या मुलाखतीत धनश्रीनेच ते सांगितले होते. गावातला एक जण संध्याकाळी वाडीच्या वाटेवरच्या खिंडीत मोटरसायकल आडवी लावून उभा राहतो. नाव तिने सांगितले नाही. "इळा हातात असला की लांब ऱ्हातो," एवढेच म्हणाली. मुलाखतीआधी नूतनबाईंनी प्रत्येक मुलाला शब्द दिला होता, की तुम्ही सांगाल ते तुमचे नाव घेऊन खोलीबाहेर जाणार नाही. नाव न घेता त्यांनी ही गोष्ट शेफालीच्या कानावर घातली होती. शेफालीने थोडा विचार करून सांगितले होते, "ताई, ते फाटकाबाहेरचं आहे. आपला अभ्यास आवारापुरता आहे."

"सर, मला हिच्याशी पाच मिनिटं एकटीशी बोलू द्या," नूतनबाई म्हणाल्या.

व्हरांड्याच्या टोकाला दोघी उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी बोलला व्हता. कुनाला सांगनार न्हाई म्हनून."

"नाही सांगणार. पण मी गप्प बसले तर ते आज दाखला देतील."

"आन् सांगितलं तर बा घरी बशीवतोय. वर्सामागं वाडीतल्या सगुनाला बशीवली तशीच. तिचं लगीनबी झालं."

बावीस वर्षांत नूतनबाईंनी शेकडो मुलांना प्रश्न विचारले होते. प्रश्नानंतर काय करायचे, हे कुठल्याही प्रशिक्षणात नव्हते.

"आज विळा आत का आणलास?"

"आदला जाळीतनं गेला. त्येनंच नेला. तिथं गाडीवर बसून हसत व्हता."

"मग मी आत जाऊन काय सांगू?"

धनश्रीने पहिल्यांदाच मान वर केली. "खरंच सांगा, बाई. पन समदं नगं."

खोलीत परतल्यावर नूतनबाई बसल्या नाहीत. "हिचा आधीचा विळा जाळीतून चोरीला गेला. घरचा दुसराही जाऊ नये, म्हणून तिने तो आत आणला. खोटं वाटत असेल तर आत्ता जाळीत जाऊन मोजा. तिथं सहा सापडतील."

"कुनी नेला?" सावळारामांनी लगेच विचारले.

"चोर शोधायला मी आलेली नाही, काका."

"म्हंजे ठावं हाय तुमाला."

नूतनबाई त्यांच्या नजरेला नजर देऊन उभ्या राहिल्या. पारूबाई एकदा बाईंकडे आणि एकदा लेकीकडे पाहत होती.

"सर, उद्यापासून सकाळी सगळे विळे कार्यालयात जमा करून घ्या आणि सुटताना परत द्या. चोरीही होणार नाही, वर्गातही येणार नाहीत. आणि या सात मुली घरी एकत्र जातील. मोठं माणूस खिंडीपर्यंत सोबत असेल."

"कोन जानार?" सावळाराम म्हणाले. "मास्तर लोक सव्वापाचची यष्टी चुकवत्यात व्हय?"

"मी जाईन."

शेफाली ताडकन उठून त्यांना बाजूला घेऊन गेली. "ताई, आपण निरीक्षक आहोत. आपणच हस्तक्षेप केला तर या शाळेची माहिती वापरता येणार नाही. आणि अहवालावर या वेळी तुमचं नाव येणार होतं. लेखक म्हणून. मी भांडून घेतलंय ते."

"माहीत आहे गं."

"मग?"

"मग तू नोंद घे," नूतनबाई म्हणाल्या. "हस्तक्षेप केला म्हणून."

शेवटी धुमाळांनी दाखल्याचे पुस्तक कपाटात ठेवले. "महिनाभर बघू," ते म्हणाले. "पुन्हा असलं काही सापडलं तर मी कोणाचं ऐकणार नाही."

पाच वाजता फाटकातून सात मुली, पारूबाई आणि नूतनबाई निघाल्या. भातखाचरांतली कापणी झाली होती. चढ लागला तेव्हा पारूबाई मुलींना पुढे जाऊ देऊन हळूच म्हणाली, "बाई, तुमी कशापायी येताय? वाटंवर काय हाय का?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," नूतनबाई म्हणाल्या.

पारूबाईने त्यांच्या झिजलेल्या चपलांकडे पाहिले. "चाला मग," एवढेच बोलून ती पुढे झाली. जाता जाता तिने वाटेवरचा एक दगड उचलून ओच्यात टाकला.

खिंडीत मोटरसायकल उभी होती. तिच्यावर पाय टाकून बसलेला तरुण मोबाईल पाहत होता. त्याने मान वर केली. मुली जागीच थांबल्या. नूतनबाई सर्वांत पुढे झाल्या आणि गाडीपासून हातभर अंतरावर थांबल्या.

"कोण रे तू? नाव काय तुझं?"

"तुमाला काय करायचंय?"

"रोज विचारणार आहे. उद्याही याच वेळी विचारीन."

त्याने आधी त्यांच्याकडे, मग मागे उभ्या असलेल्या पारूबाईकडे पाहिले. पारूबाईचा हात ओच्यात होता. गाडी दोन किकमध्ये सुरू झाली नाही. तिसऱ्या किकला झाली. ती वळणाआड गेली आणि आवाज विरेपर्यंत कोणीही हलले नाही. नंतर धनश्री बांधाखाली उतरली आणि शेरडांसाठी गवत कापू लागली.

नूतनबाईंनी विंझरला एक खोली घेतली आणि नाताळपर्यंत त्या रोज चालल्या. पुढे धुमाळांनी पाळ्या लावल्या. पाळीवरचे शिक्षक शेवटची एसटी चुकली की सावळारामांच्या टेम्पोतून नसरापूरला जात.

एप्रिलमध्ये अहवाल छापून आला. ही शाळा त्यातून वगळलेली होती. लेखकांच्या जागी एकच नाव होते, शेफालीचे.

जून २०२५ मध्ये दहावीच्या हजेरीपटावर वरच्या वाडीच्या मुली : सात.