पुसलेला दगड

"काढ तो म्हशीचा फोटो! आत्ताच्या आत्ता काढ!"

सकाळी सकाळी थोरल्या मामांचा आवाज आला आणि माझ्या हातातली सुई बोटात घुसली. माझं शिलाईचं दुकान आणि गावच्या फोटोग्राफरचं दुकान यांच्यामध्ये एक पातळ भिंत आहे. तिकडं कुणी शिंकलं तरी इकडं माझं माप चुकतं. हा फोटोग्राफर माणूस सोन्यासारखा, पण त्याला नावानं कुणी हाक मारत नाही. फोटो काढताना "हलू नका, हलू नका" असा इतका धोशा लावतो, की गावानं त्याचं नावच हलूनका ठेवलंय. थोरले मामा म्हणजे त्याच्या आईचा भाऊ. त्यांच्या पाठचे धाकटे मामा. सगळा गाव दोघांना मामाच म्हणतो.

आपल्याच गावात फोटो काढायचे म्हणजे घरच्याच माणसांची हजामत करण्यासारखं आहे. जो तो आरसा आपल्याच हातात धरून बसतो. परगावात गिऱ्हाईक येतं, फोटो घेतं, जातं. इथं गिऱ्हाईक म्हणजे कुणी मावशी, कुणी चुलता, कुणी लहानपणी कान पिळलेला मास्तर. आणि आहे तसं दिसायचं कुणालाच नसतं. पुरुषांसाठी मी एक काळा कोट शिवून दिलाय, पाठीमागून उघडा. पुढून कुणाच्याही अंगाला बसतो, मागून चिमटे लावायचे. निम्म्या गावाचे फोटो त्या एका कोटात आहेत. कोटानं भागलं नाही की मग कॉम्प्युटरवर पुसापुशी. चामखीळ पूस, मागचा उकिरडा पूस, शेजारी उभा राहिलेला भाऊबंद पूस. पुसून झालं की गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसतं आणि मूळ फोटो डोळ्यांदेखत कायमचा उडवल्याशिवाय उठत नाही. न जाणो, उद्या खरं तोंड कुणी बघितलं तर काय घ्या!

त्या दिवशी मात्र मामांना खरा फोटो हवा होता. यंदा ओढ्याला पूर आला आणि दोन भावांच्या शेतांमधला बांध वाहून गेला. बांधावर हद्दीचा दगड होता, गुडघ्याएवढा, बसायला सोयीचा. तोही गेला. थोरले म्हणत, दगड चिंचेच्या पलीकडं होता. धाकटे म्हणत, अलीकडं. दोघांच्या म्हणण्यात दहा पावलांचं अंतर. आधी बोलणं बंद झालं, मग शिव्या सुरू झाल्या, आणि आता दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं दावा लावायला दोघं वेगवेगळ्या वकिलांकडं निघाले होते.

"बारा वर्षांमागं तू माझी म्हैस काढली होतीस," मामा म्हणाले. "मागं दगड होता. तो दाखवतो वकिलाला, मग बघतो त्याच्याकडं."

पलीकडं हलूनकानं कॉम्प्युटर सुरू केला. मला राहवेना. मी टेप गळ्यात अडकवून त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. पडद्यावर म्हैस होती, काळीभोर, तुकतुकीत. मागं नुसतं गवत.

"दगड कुठाय?"

"मामीनं पुसायला लावला. दगडाशेजारी म्हैस बारकी दिसते म्हणाली."

"मग खरा फोटो दाखव की!"

"तो तुम्हीच उडवायला लावलात, मामा. ह्याच खुर्चीत बसून."

मामांनी खुर्चीकडं असं बघितलं, जणू सगळा दोष तिचाच. मग पाय आपटत निघून गेले.

तासाभरात धाकटे मामा हजर. त्यांचा विहिरीच्या नव्या पंपाबरोबर काढलेला फोटो होता. त्यातही दगड नव्हता.

"तुम्हीच म्हणालात, दगड डोक्यातनं उगवल्यासारखा दिसतोय, काढून टाक," हलूनका म्हणाला.

"मी म्हणालो आणि तू लगेच ऐकलंस? मी काय रोजच शहाण्यासारखं बोलतो का रे?"

मी दुकानात परतलो आणि तोंडात कापडाचा बोळा धरून हसलो. तेवढ्यात हलूनकाची आई दारात आली. ही दोन्ही मामांची मोठी बहीण, सगळ्या गावाची अक्का.

"हस बाबा, हस," ती म्हणाली. "तुला गंमत वाटते. दोन महिने झाले, मी माहेरी पाय ठेवला नाही. ह्याच्याकडं जेवले की तो तोंड फिरवतो, त्याच्याकडं जेवले की हा. दोघांना कडेवर वाढवलंय मी. उद्या कोर्टाची पायरी चढले की संपलं. मग मला माहेर नाही, नुसती दोन घरं राहिली."

मी बोळा तोंडातून काढला. मला माझीच लाज वाटली.

दिवस कलताना हलूनकानं भिंतीवर टकटक केली. "शिंपीदादा, जरा इकडं या."

आता ह्या गड्याची एक खोड सांगितली पाहिजे. रिकामा वेळ मिळाला की तो कुणी न सांगता फोटो काढत हिंडतो. नांगर दुरुस्त करणारा लोहार, पायरीवर डुलक्या घेणारा टपालवाला, असलं काहीबाही. त्याची बायको त्यांना बिनकामाचे फोटो म्हणते. असे हजारो साठलेत.

त्यातलाच एक पडद्यावर होता. हद्दीच्या दगडावर दोघे मामा खांद्याला खांदा घासून बसलेत. एकच डबा. थोरल्यांचा घास गालात, धाकट्यांचा सदरा फाटलेला. मागं चिंचेचा बेचका आणि खोपटाचा कोपरा. कडेला डब्याचं झाकण धरलेला एक हात, अक्काचा.

"हा कुणी मागितला नव्हता," हलूनका म्हणाला, "म्हणून कुणी पुसायलाही लावला नाही."

"मग देऊन टाक की!"

"कुणाला देऊ? एकाला दिला की आई दुसऱ्याला मुकली."

मी शिंपी. मला मापाशिवाय काही सुचत नाही. मी विचारलं, "फोटो काढताना तू उभा कुठं होतास?"

"विहिरीच्या कट्ट्यावर. कायम तिथंच. पायाला चिखल लागत नाही." आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला.

त्यानं दोघा मामांना वेगवेगळा निरोप धाडला, खरा फोटो सापडलाय, सकाळी शेतात या. दोघं वकिलाकडं जायचे कपडे घालून आले आणि एकमेकांना बघून परत फिरायला लागले. अक्का वाटेत उभी होती. तिनं नुसतं बघितलं. दोघं थांबले.

हलूनका विहिरीच्या त्याच कट्ट्यावर चढला. एका हातात जुना फोटो, एका हातात कॅमेरा. "मामा, दोघं त्या ढेकळात खाली बसा. फोटोत आहात तसे."

"ह्याच्याशेजारी? मेलो तरी नाही," थोरले म्हणाले.

"बसा रे!" अक्का म्हणाली, आणि साठीचे दोन बाप्ये मुकाट बसले.

"मागं सरका. अजून. आता उजवीकडं. फोटोतल्यासारखा बेचका तुमच्या दोघांच्या मध्ये दिसला पाहिजे. खांद्याला खांदा लावा, नाहीतर जागा चुकेल."

खांद्यानं जागा चुकत नाही. माझा जन्म मापं घेण्यात गेलाय, मला कळत नाही का? पण मी ते पोटात ठेवलं आणि खुंटी हातात घेतली.

"हां! हलू नका!"

मी पळत जाऊन त्यांच्या पायाशी खुंटी ठोकली. मग टेप धरला. खुंटी थोरल्यांच्या जागेपासून पाच पावलं अलीकडं आणि धाकट्यांच्या जागेपासून पाच पावलं पलीकडं. म्हणजे दोघंही सारखंच खोटं बोलत होते. एका आईची लेकरं, दुसरं काय!

थोरल्यांनी जुना फोटो हातात घेतला. "ह्यात काही पुसलंबिसलं नाहीस ना?"

"पुसलं असतं तर आधी तुमचं पोट पुसलं असतं, मामा."

धाकटे मामा फिस्सकन हसले. थोरल्यांनी डोळे वटारले, पुन्हा फोटोत बघितलं आणि म्हणाले, "हा फाटका सदरा माझाच आहे. परत दिलाच नाहीस."

"फाटकाच दिला होतास."

"आणि मी कुठाय ह्यात?" अक्कानं फोटो ओढून घेतला. "नुसता हात! सख्ख्या आईचा नुसता हात काढलाय ह्यानं! सरका रे दोघं." आणि ती मध्येच बसली. ओल्या मातीत थोरले मामा कलंडले, त्यांना धरायला गेलेले धाकटेही कलंडले, अक्का ओरडली, आणि हलूनका जन्मात पहिल्यांदा "हलू नका" म्हणायला विसरला. त्यानं कळ दाबली.

त्या दिवशी गाडी दोघांना न घेताच गेली. अक्का दुपारी एकाकडं जेवली, संध्याकाळी दुसऱ्याकडं, आणि अपचन झालं म्हणून दोन दिवस आनंदानं कण्हत पडली.

आठवड्यानं थोरले मामा हलूनकाच्या दुकानात आले आणि खुर्ची ओढून बसले. "त्या चिखलातल्या फोटोच्या दोन प्रती दे. एक त्यालाही देतो. फक्त माझं टक्कल तेवढं..."

"नाही, मामा. काही पुसणार नाही."

"बरं, मग वरून तो काळा कोट तरी चढव."

"कोटही नाही."

भिंतीपलीकडून मी ऐकत होतो. नात्यातल्या माणसाला नाही म्हणताना तो दोनदा खोकला, पण नाहीच म्हणाला.

आता त्याच्या दुकानात दारासमोरच तो फोटो मोठा करून लावलाय. परगावचं गिऱ्हाईक नाक मुरडतं, फोटोग्राफरच्या दुकानात हललेला फोटो! आमच्या गावचं कुणी काही बोलत नाही. फक्त अक्का येता-जाता चष्मा पुसून जवळ जाते आणि म्हणते, "माझं तोंड केवढं उघडं आलंय रे! तेवढं पुसून टाक की."