हनुवटीवरचे तीन ठिपके

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. पण चित्र रंगवणारा नव्हे. माझं काम पुसण्याचं होतं.

खारीच्या शेपटीचे थोडे केस, पत्र्याची निमुळती नळी आणि वीतभर लाकडी दांडी, एवढाच माझा देह. ओलं केलं की माझं टोक सुईसारखं होई. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हा खामगावच्या जब्बारभाईंनी मला विकत घेतलं. छापखान्यांसाठी ते चित्रं तयार करून देत. बियाण्यांच्या पिशव्या, विडीची लेबलं, शाळांची प्रमाणपत्रं.

कामाची रीत ठरलेली होती. चित्र छापायच्या आकाराच्या दुप्पट काढायचं, म्हणजे लहान होताना हाताची थरथर लपते. आखणी फिकट निळ्या पेन्सिलीने करायची, कारण ब्लॉक बनवताना चित्राचा फोटो काढतात, त्या कॅमेऱ्याला तो निळा रंग दिसत नाही. मग काळी शाई. सर्वांत शेवटी मी. शाईचा शिंतोडा, रेघेचं सुटलेलं टोक, जे जे नको ते मी घट्ट पांढऱ्या रंगाने झाकत असे. डाग कोणता आणि रेघ कोणती हे कॅमेऱ्याला कळत नाही. जे काळं, ते जस्ताच्या ब्लॉकवर उभं राहतं. बाकीचं जस्त आम्ल खाऊन टाकतं. अकोल्याचे ब्लॉकवाले म्हणत, जब्बारभाईंच्या कागदावर बोट ठेवायला जागा नसते. ती स्तुती माझीही आहे, असं मी धरून चालत असे.

माझ्यासाठी एक नियम होता. मला काळ्या शाईत कधीच बुडवायचं नाही. शाईतले काजळीचे कण नळीत शिरले की ते निघत नाहीत.

एकदा पिंपळगाव राजाचे निवृत्तीराव आले. त्यांची बायको शालूबाई तापाने गेली, त्याला वर्ष होत आलं होतं.

"वरसीले भजनाची पुस्तकं वाटतो," ते म्हणाले. "पहिल्या पानावर तिचा चेहरा पाहिजे."

फोटो एकच होता. लग्नातला, चौदा माणसांचा. त्यात शालूबाईंचा चेहरा हरभऱ्याएवढा, आणि फोटोभर माश्यांचे डाग. भिंगाला दिसेल ते सगळं आधी उतरवायचं आणि नको ते मागाहून झाकायचं, अशी जब्बारभाईंची सवय. चेहरा छान उतरला. मग त्यांनी मला हाती घेतलं. कपाळावरचा एक डाग मी झाकला, पदरावरचे दोन, हनुवटीवरचे तीन.

चित्र घरच्यांना दाखवल्याशिवाय ते अकोल्याला पाठवत नसत. निवृत्तीरावांनी कागद हाती घेतला, पाहिला न पाहिलासा केला, आणि "बरोबर हाय" म्हणून परत दिला. वर्षभर ते सगळ्यालाच बरोबर हाय म्हणत होते.

वरसीच्या आदल्या दिवशी सकाळी तीनशे पुस्तिका छापून तयार झाल्या. न्यायला निवृत्तीराव आले, सोबत त्यांच्या सासूबाई तानुबाई. कडेवर शालूबाईंची दोन वर्षांची मुलगी. छापखान्याच्या किसनरावांनी तानुबाईंच्या हाती एक पुस्तिका दिली. त्यांनी पान दूर धरलं, मग जवळ धरलं.

"हे माही शालू नाही."

"काऊन, बाई?" किसनराव म्हणाले. "फोटोवरूनच तं काढलं."

"हनुवटी रिकामी हाय. तीन टिपके होते तिले. सात वर्षाची असताना म्याच गोंदवले, मांडीवर धरून."

जब्बारभाई तिथेच उभे होते. "मले माशीचे डाग वाटले, बाई."

"जाताना तिच्या अंगावरचं सगळं काढून घेतलं," तानुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "गोंदण तेवढं संगं जाते. तुमी तेही पुसलं. हे पोरगी मोठी होईन तं हेच पाहीन. तिले वाटन, मायले गोंदण नव्हतंच."

"मले आठवलंच नाही," निवृत्तीराव म्हणाले आणि खाली पाहत राहिले.

नव्या ब्लॉकला चार दिवस लागणार होते. खाल्लेलं जस्त परत भरून येत नाही. जब्बारभाईंनी तीनशे पुस्तिका आपल्या टेबलाशी आणवल्या. छापलेली हनुवटी नखाएवढी, आणि त्यांचा काळ्याचा ब्रश जाड. त्यांनी मला तीनदा धुतलं, पुसलं आणि काळ्या शाईत बुडवलं.

"कुठं, बाई?"

"वरचे दोन, खालचा एक. खालचा जरा डाव्या अंगाले. ती हालली होती."

दुपारभर तेच चाललं. वरचे दोन, खालचा एक. तानुबाई एकेक पान वाळायला सतरंजीवर मांडत होत्या.

"जब्बारभाई," किसनराव म्हणाले, "तुमचा ब्रश असाच छापून राह्यला तं माही मशीन भंगारात जाते."

कोणी हसलं नाही. मग तानुबाईच थोड्या हसल्या.

नऊशे ठिपके झाले. पुसताना मला काही वाटलं नव्हतं. परत देतानाही वाटलं नाही. केसांना कळ लागत नाही. शेवटच्या पुस्तिकेवर शाई ओली असतानाच मुलीने बोट टेकवलं आणि खालचा ठिपका फराटला. जब्बारभाई ती बाजूला ठेवू लागले.

"राहू द्या," तानुबाई म्हणाल्या. "ते तिची."

दुसऱ्या दिवशी जब्बारभाईंनी मला पांढऱ्यात बुडवलं, तर रंग राखाडी उतरला. पुन्हा धुतलं, पुन्हा राखाडी. त्यांनी मला टेबलाच्या कोपऱ्यातल्या पेल्यात ठेवलं आणि नवा ब्रश आणला. पण त्यानंतर फोटोवरचं काम आलं की ते आधी घरच्या बाईमाणसाला बोलावून एकेका डागावर बोट ठेवत आणि विचारत, "हा कोणाचा? माशीचा का माणसाचा?" मग जब्बारभाई म्हातारे झाले. पेल्यावर धूळ बसली. माझे निम्मे केस कसरीने खाल्ले.

मित्रांनो, ब्रश वापरून झाला की लगेच धुवा आणि टोक वर करून ठेवा. आणि काही स्वच्छ करायला बसलात, तर पुसण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. मला दोनदा धुतलं, तरी काळं सगळं निघालं नाही. नळीच्या आत, केसांच्या मुळाशी, ती शाई अजून आहे. तेवढी मात्र राहू द्या.