साडेपाचच्या आधी दार उघडत नाहीत

सोळा-सतरा उन्हाळे जो माणूस आपल्या उंबऱ्यावर बॅग टेकवून "आलो हो!" म्हणायचा, तो या वर्षी मान खाली घालून समोरच्या दारात शिरला. तेव्हा आर्गिरोच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्या आठवडा उलटला तरी निवल्या नव्हत्या.

समोरचं दार तिच्या धाकट्या जावेचं, स्टामाटाचं. मधली गल्ली इतकी अरुंद, की एकीने लसूण सोलला तर दुसरीला वास यावा. दोघी विधवा, दोघींच्या माडीवर पाहुण्यांना द्यायच्या खोल्या, आणि नऊ वर्षं दोघींत अबोला. अगदीच राहवलं नाही तर गल्लीतल्या मांजरीशी बोलायच्या.

"माऊ गं," स्टामाटा उंबऱ्यात घेवडा मोडत म्हणायची, "आमच्याकडे एसी आहे म्हणावं आता. म्हाताऱ्या माणसांना उकाडा सोसत नाही."

"माऊ, त्यांना सांग," आर्गिरो वरून उत्तर द्यायची, "एसी लावून खोली गार होते, घर नाही होत. आणि पळवलेला पाहुणा कुणाला लाभत नाही."

पाहुणा म्हणजे लेनार्ट. स्वीडनचा निवृत्त शाळामास्तर, सत्तरी ओलांडलेला, बांबूसारखा उंच. ग्रीसच्या क्रीट बेटावर, दक्षिण किनाऱ्यावरच्या या लिथारी गावात तो दर उन्हाळ्यात यायचा, मोडकीतोडकी ग्रीक बोलायचा आणि आर्गिरोचे गळके नळ दुरुस्त करायचा. मागच्याच वर्षी त्याने तिच्या खिडक्यांच्या झडपांना निळा रंग दिला होता. तिला तो आवडायचा. किती, हे तिने कधी मोजलं नाही. पण तो समोर गेला तेव्हा नवरा गेल्यावर रडली नव्हती तेवढी रडली, आणि मग त्या रडण्याचाच तिला राग आला.

जुलैत एक दिवस ठरलेला असे. त्या दिवशी लेनार्ट टेकडीच्या टोकावरच्या चॅपेलपर्यंत, त्या चिमुकल्या चर्चपर्यंत, चालत जायचा आणि वारलेल्या बायकोच्या नावाने मेणबत्ती लावून यायचा. वाटेवर एक झाड नाही, पाण्याचा थेंब नाही. आर्गिरो त्याला अंधारात उठवायची, कॉफी द्यायची, पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या पिशवीत कोंबायची, मानेभोवती ओला टॉवेल गुंडाळायची आणि दम द्यायची, "उन्हं चढायच्या आत परत आला नाहीस तर जेवण नाही मिळणार!" तो हसत जायचा आणि वेळेत परत यायचा.

या वर्षी तो दिवस उजाडला तो मोबाईल किंचाळूनच. सगळ्या गावाचे फोन एकदम कोकलले: उष्णतेची लाट, दुपारी बाहेर पडू नका. सरपंचानेही गाडीवरून कर्ण्यातून ओरडून सांगितलं. आणि नऊ वाजून गेल्यावर, ऊन चांगलं तापल्यावर, आर्गिरो माडीवर चादरी वाळत घालत असताना लेनार्ट समोरच्या दारातून बाहेर आला. हातात पाण्याची एवढीशी बाटली. त्याला कुणी उठवलं नव्हतं. स्टामाटा आत टीव्हीपुढे होती. त्या दिवसाचं तिला काय माहीत?

त्याने वर पाहिलं. "सुप्रभात, आर्गिरो," म्हणाला, आणि उभाच राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं.

"अरे गाढवा, आज नको जाऊस" हे शब्द आर्गिरोच्या अगदी ओठावर आले होते. तिने ते गिळले आणि ओली चादर जोरात झटकून दोघांच्या मध्ये पसरली. ज्यांचा पाहुणा त्यांनी बघावं. चादरीच्या कडेने पाहिलं तेव्हा तो गल्लीच्या टोकाला वळत होता.

लिथारीत दुपारी तीन ते साडेपाच ही झोपेची वेळ. कायद्यानेही शांतता, आणि रिवाज तर कायद्याहून कडक. त्या वेळात कुणी खुर्ची सरकवत नाही, कुणी पोराला हाक मारत नाही. लेनार्ट पहिल्यांदा आला त्या वर्षी त्याने अशाच वेळी बाटलीचं बूच काढायचा स्क्रू मागायला आर्गिरोचं दार ठोठावलं होतं. तिने त्याला भर गल्लीत धुऊन काढला होता. "या वेळी दार वाजवतो तो एक तर चोर, नाहीतर कुणी मेल्याची बातमी आणणारा! साडेपाचपर्यंत थांबायचं, समजलं?" मास्तरला समजलं. त्यानंतर त्या वेळात त्याचं खोकणंसुद्धा कधी ऐकू आलं नाही.

त्या दुपारी आर्गिरो पातळ गाऊनवर, खालच्या खोलीत गार फरशीवर पडली होती. दारावर टकटक झाली. हलकी, एका बोटाच्या पेराची, कुणाची झोप मोडू नये अशी.

ती उठून झडपेपाशी गेली आणि फटीतून पाहिलं. लेनार्ट. भर उन्हात, टोपी काढून हातात धरलेली.

"आर्गिरो," तो हळूच म्हणाला. "माफ... माफ कर."

तिला भलताच आनंद झाला. आला! आला शेवटी नाक घासत. राहू दे थोडा वेळ उभा. आठवडाभर आपण जळलो, त्याने पाच मिनिटं जळायला काय हरकत आहे?

मग तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. निखाऱ्यावर भाजलेल्या मिरचीसारखा लाल, आणि कोरडा. कपाळावर घामाचा टिपूस नाही. तो डुलत होता, स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता, मध्येच हसत होता. आर्गिरो द्राक्षांच्या मळ्यात वाढलेली बाई. घाम थांबलेला माणूस म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिचा मामा असाच वेलींमध्ये कोसळला होता. आजीने त्याला ओल्या चादरीत गुंडाळलं, अंगावर व्हिनेगर ओतलं, तेव्हा कुठे तो वाचला.

तिचा हात कडीवर गेला. खरंच गेला, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं.

तेवढ्यात समोरची झडप बोटभर उघडलेली तिला दिसली. मागे दोन डोळे. स्टामाटा जागी होती आणि बघत होती.

आता दार उघडलं तर ही सटवी जन्मभर मांजरीला सांगत बसणार: बघितलंस का माऊ, भर दुपारी गाऊनवर दार उघडून माझा पाहुणा आत ओढला. तिने टाकलेलं आपण उचलायचं? तिचा पाहुणा, तिची खोली, तिचा एसी. येऊ दे तिलाच खाली.

आर्गिरोने हात मागे घेतला.

स्टामाटाही हलली नाही. तिच्या मनात काय असणार हे सांगायला ज्योतिषी नको: ज्याच्या दारात उभा आहे त्याने उघडावं. दोघींच्या माठात पाणी होतं, फडताळात व्हिनेगर होतं, आणि दोघी समोरच्या कडीचा आवाज येतो का याकडे कान लावून उभ्या होत्या. गल्लीत एक माणूस उभ्या उभ्या शिजत होता.

त्याने पुन्हा ठोठावलं नाही. मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. डोकं कितीही भ्रमलेलं असलं तरी वेळेचा धडा शाबूत असावा. चूक लक्षात आलेल्या पोरासारखी त्याने मान डोलावली, आर्गिरोच्या पायरीवर बसला, पाठ तिच्या दाराला टेकली आणि साडेपाच वाजायची वाट बघू लागला.

आर्गिरो पुन्हा फरशीवर आडवी झाली. झोपली नाही, पण झोपायचं सोंग स्वतःपुढेच चोख वठवलं. दाराच्या फळीतून त्याचा श्वास ऐकू येत होता, धाप लागलेल्या कुत्र्यासारखा. बराच वेळ येत होता. मग थांबला. 'गेला वाटतं समोर,' तिने स्वतःला सांगितलं आणि कूस बदलली.

साडेपाचला नाक्यावरच्या कॉफीवाल्याचं शटर वर गेलं. आर्गिरोने कडी काढली, आणि दाराबरोबर लेनार्ट आत तिच्या पायांवर कोसळला.

तिने फोडलेली किंकाळी खोटी नव्हती. स्टामाटा दुसऱ्या क्षणाला धावत आली, केस विंचरलेले, हातात पाण्याची बादली. दोघींनी मिळून त्याला ओल्या चादरीत गुंडाळलं, व्हिनेगर चोळलं, तोंडावर वारा घातला. सगळं अगदी आजीने केलं तसं, फक्त प्रेताला.

डॉक्टर आला. "तासभर आधी जरी कुणी बघितलं असतं..." म्हणाला, आणि बॅग मिटू लागला.

"कुणालाच काही ऐकू आलं नाही?" पोलिसाने विचारलं.

"दुपारची वेळ ना, साहेब," स्टामाटा म्हणाली. "आम्ही दोघी जावा गाढ झोपलेल्या. होय ना गं आर्गिरो?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने थेट हाक मारली होती. आर्गिरोने तिच्याकडे पाहिलं.

"होय," ती म्हणाली. "गाढ."

त्या संध्याकाळी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. गावाला गहिवरून आलं. मेल्या माणसाने तुटलेलं घर जोडलं, असं बायका म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्याची मुलगी आली, सिग्रिड. शाळेत असताना दोन-तीन उन्हाळे तिने इथे काढले होते, त्यामुळे ग्रीक बोलताना अडत नव्हती. पायरीवर फुलं ठेवून ती आर्गिरोच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"आर्गिरोमावशी, खोली मी बुक केली होती," ती म्हणाली. "बाबांना न विचारता. यंदा उष्णतेच्या लाटा येणार असं बातम्यांत ऐकलं, वाटलं, एसी असेल तर जिवाला धोका नाही. ते आठवडाभर फोनवर भांडत होते माझ्याशी. म्हणायचे, मी आता आर्गिरोला तोंड कसं दाखवू? त्या दिवशी सकाळी म्हणाले, मेणबत्ती लावून आलो की जातो तिच्याकडे, माफी मागतो, आणि सामान परत तिकडे हलवतो."

स्टामाटा कॉफीचा ट्रे घेऊन दारात येऊन थबकली.

"खरं सांगा," सिग्रिडने आर्गिरोचे दोन्ही हात धरले. "सगळे म्हणतात नशीब. मला नशीब नको. तुम्ही त्यांना ओळखत होता. माझ्यामुळे गेले का ते?"

एक शब्द पुरला असता. नाही. एवढाच. पण नाही म्हटलं तर मग कुणामुळे, हे ती विचारणार होती, आणि ते उत्तर त्या खोलीत फक्त दोघींना माहीत होतं.

आर्गिरोने तिचा चेहरा ओंजळीत घेतला.

"काय सांगू बाळा," ती म्हणाली. "माझ्या घरी असता, तर मी त्याला त्या उन्हात जाऊच दिलं नसतं."

"खरं आहे गं," दारातून स्टामाटा म्हणाली. "फार जीव लावायची ती त्याला."

मुलगी मोडून पडली. आर्गिरोने तिला छातीशी धरलं, पाठीवरून हात फिरवला, आणि आपणही रडली. अगदी खरं रडली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला.

रडणं ओसरल्यावर सिग्रिडने डोळे पुसले, तिच्या हातावर ओठ टेकवले, आणि एवढं खरं सांगितल्याबद्दल तिचे आभार मानले.