चौथी अट

सोमनाथने जाहिरातीतली चौथी अट टाईप केली आणि त्याचे हात थांबले. 'सुरगाणा-पेठ भागातील सर्वेक्षणाचा प्रमाणित अनुभव.' विद्यापीठात संशोधन सहायकाची एकच जागा, तीही कायम. आणि अट अशी, जणू कुणाला तरी समोर उभं करून शिंप्याने माप घेतलंय.

केबिनच्या काचेआड विभागप्रमुख उज्ज्वला मॅडम आणि त्यांचा भाचा शेखर चहा पीत होते. शेखर पीएच.डी.साठी नुकताच दोनदा सुरगाण्याला जाऊन आलेला.

"मॅडम, ही अट मागच्या वेळी नव्हती."

"आता आहे. आहे तसं टाईप कर. आणि बाहेर बोलू नकोस."

बाहेर बोलू नकोस! म्हणजे पाणी इथंच मुरतंय. वयोमर्यादा वाढवून पंचेचाळीस केली होती, तीसुद्धा सोमनाथला डोळ्यांत धूळ फेकायलाच केलेली वाटली. तो स्वतः पंचेचाळीसला टेकलेला, बाहेरून एम.ए. झालेला, आणि अकरा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर टंकलेखक. सर्वेक्षणाला तोही जायचा म्हणा. जीपमध्ये मागे बसून, फॉर्म भरायला आणि पाड्यावरच्या म्हाताऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलायला. पण ती पडेल ती कामं होती, अनुभव थोडाच! प्रमाणपत्र काय, मावशी भाच्याला देईलच.

रविवारी त्याने दूर सातपूरच्या एका सायबर कॅफेत बसून कुलगुरूंच्या नावे मुद्देसूद तक्रार टाईप केली. नातेवाइकासाठी जाहिरात बेतली आहे, चौकशी व्हावी. नाव घातलं नाही. पाकीट तिथल्याच टपालपेटीत टाकलं. घरी येईपर्यंत त्याला इतकं बरं वाटत होतं, की त्याने पोरींसाठी जिलेबी घेतली.

तिसऱ्या आठवड्यात मॅडम त्याच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"जाहिरात रद्द झाली. कुणीतरी निनावी तक्रार केली. आता पद पुढच्या वर्षी आलं तर आलं."

"मग शेखरभाऊ..."

"शेखरचं काय? त्याला पुण्यात कधीच नोकरी लागली. त्या दिवशी चहाला आला होता, तो हेच सांगायला."

त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. 'प्रमाणित करण्यात येते की, श्री. सोमनाथ लहानू भोये यांनी सुरगाणा-पेठ भागातील सर्वेक्षणाचे काम नऊ वर्षे...' खाली सही, शिक्का, दोन महिन्यांपूर्वीची तारीख.

"तुला आधी सांगितलं असतं, तर आनंदाच्या भरात तूच गावभर केलं असतंस. म्हणून गप्प बसले. पुढच्या वर्षी तुझं वय उलटेल रे."

काखेत कळसा होता आणि सोमनाथ सातपूरला वळसा घालून आला होता.

"पत्र पाहिलं मी. ऑफिसातल्याच कुणाचं तरी काम," मॅडम म्हणाल्या. "निनावी पत्राखाली कुणी 'प्रत माहितीसाठी' लिहितं का? असो. रद्दची सूचना टाईप कर. लगेच हवी."

त्याने टाईप करायला घेतलं. विषय, संदर्भ, मजकूर. मॅडम मागेच उभ्या होत्या. मजकूर संपला, आणि अकरा वर्षांच्या सवयीने बोटं आपोआप पुढे गेली. 'प्रत माहितीसाठी: १)'

बोटं थांबली. त्याला मागे वळून बघवेना.

मॅडमनी टेबलावरचं प्रमाणपत्र हळूच त्याच्याकडे सरकवलं.

"हे ठेव तुझ्याकडे. यात खोटं काही नाहीये."