ओळ सुटलेला फोटो

मी फोटो बोलतोय. दुधाचा कॅन खड्ड्यात ओतणाऱ्या बाईचा फोटो. मागच्या महिन्यात तुम्ही मला पाहिलं असेल, कदाचित पुढे पाठवलंही असेल. घाबरू नका, तुमचं नाव घेणार नाही. पण माझं ऐकून मात्र घ्यावं लागेल, कारण तेव्हा मला कोणी काही विचारलंच नाही. आज मी मोकळा झालोय. मोकळं झाल्यावर आवाज जरा चढतो, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म दोन वर्षांपूर्वी, चौदा मे रोजी, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी, पारशिवनीजवळच्या एका गावात झाला. जन्मवेळ इतकी नेमकी कशी ठाऊक, असं वाटेल. मोबाईलने फोटो काढला की त्याच्या पोटात तारीख, वेळ आणि बरेचदा जागासुद्धा आपोआप नोंदली जाते. ती आमची जन्मपत्रिका. बाहेरून दिसत नाही, पण उघडून पाहणाऱ्याला सापडते.

मला काढलं अश्विनने. पारशिवनीत त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे आणि नागपूरच्या एका दैनिकाचा तो वार्ताहर आहे. त्या दिवशी तो प्रेमिलाबाईंकडे आला होता. प्रेमिलाबाई गावातल्या वीस बायकांचं दूध गोळा करतात आणि मोपेडवर कॅन लादून रामटेकला घरोघर पोचवतात. वादळात विजेचे खांब पडले, दोन दिवस दूध थंड ठेवायचा कूलर बंद राहिला आणि सगळं दूध नासलं. खोव्याचा एक व्यापारी म्हणत होता, फुकट जाण्यापेक्षा मला द्या, मी खोव्यात खपवून टाकतो.

प्रेमिलाबाई त्याच्यावर उसळल्या. "आपण पिऊ का हे आपल्या घरी? मंग लोकाइले काहून पाजाव?"

आणि त्यांनी कॅन खड्ड्यात उलटा केला. नासक्या दुधाचा भपकारा उठला, म्हणून त्यांनी पदर नाकातोंडावर धरला. नेमक्या त्या क्षणी अश्विनने बटण दाबलं आणि मी जन्मलो. पदर लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा त्याने वाढवला.

अश्विनने मला नागपूरला मधुकररावांकडे पाठवलं. मधुकरराव जिल्हा डेस्कचे प्रमुख, तीस वर्षं बातम्या कापून-जोडून डोळे बारीक झालेला माणूस. वार्ताहरांना त्यांचा दम असे, "फोटो साधा पाठवू नको. डॉक्युमेंट म्हणून पाठव. अन् खाली लिही, कोण, काय, कुठं, कधी, काहून." वार्ताहर वैतागायचे. पण साधा पाठवला की व्हॉट्सॲप फोटो बारीक करतं आणि त्याच्या पोटातली पत्रिका काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर तो जसा जन्मला तसाच पोचतो.

दुसऱ्या दिवशी मी छापून आलो. खाली ओळ होती, 'वीज नसल्याने नासलेले दूध विकण्यास नकार देऊन ते नष्ट करताना दूध संकलक प्रेमिला.' नंतर मला कार्यालयाच्या संग्रहात ठेवलं. तिथे हजारो फोटो झोपलेले असतात. मीही झोपलो. दोन वर्षं कोणी हाक मारली नाही, आणि खरं सांगायचं तर माझी काही तक्रारही नव्हती.

मग मागच्या महिन्यात बातमी आली. नागपूरच्या लकडगंजातल्या एका गोदामात भेसळीचं दूध पकडलं. धाडीचा फोटो काही आला नाही. वेबसाइटची रीत अशी की फोटोची चौकट रिकामी असली तर बातमी पुढे सरकतच नाही. वेब डेस्कवर सोनिका होती, कामाला चोख, हाताला भरभर. तिने संग्रहात शोधलं, 'दूध, नष्ट, नागपूर जिल्हा'. मी सापडलो. तिने मला चौकटीत बसवलं आणि शिकवल्याप्रमाणे खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'संग्रहित छायाचित्र'. म्हणजे फोटो जुना आहे, या घटनेचा नाही. वर्तमानपत्रात हे दोन शब्द किती पिढ्यांपासून चालतात. वाचकाला कळतं, विषय संपतो.

पण मी आता कागदावर नव्हतो. वेबसाइटचे प्रमुख श्रीधर यांनी वर मथळा चढवला, 'तुमच्या घरी येणारं दूध असलं तर नाही ना? पाहा फोटो!' आणि लिंक ग्रुपांवर सोडली.

लिंक पाठवली की मोबाईलवर काय दिसतं? वर फोटो, खाली मथळा. बस्स. खालची बारीक ओळ आत पानावरच राहते. कागदावरून फोटो उचलायचा तर कात्री लागते. इथे मी बोटाच्या एका टिचकीने घरातून निघालो आणि माझी ओळ घरीच राहिली. सोनिकाने चूक केली ती एवढीच. कागदाची सवय तिने काचेवर आणली.

रामटेकच्या एका ग्रुपवर कोणीतरी पदराआडूनही बाईंना ओळखलं. 'अरे, ह्या तर आपल्या दूधवाल्या प्रेमिलाबाई!' दुसऱ्याने त्यांच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढला. तिसऱ्याने लिहिलं, 'पाहा, पकडल्यावर तोंड लपवून राहिली.' वासासाठी धरलेला पदर लाजेचा झाला. मी ओरडून सांगत होतो, अहो, तारीख पाहा! पण कोणाला? स्क्रीनशॉटचे स्क्रीनशॉट निघत होते, आणि स्क्रीनशॉटला माझी जन्मपत्रिका नसते. एक फोटो शेकडो मोबाईलमध्ये एकाच वेळी जगतो. जिथे माझी प्रत तिथे मी. त्यामुळे शेकडो घरांत मी एकाच वेळी खोटा पडत होतो.

सकाळी प्रेमिलाबाईंनी शामलाबाईंचं फाटक वाजवलं. नऊ वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. शामलाबाईंनी फाटक उघडलंच नाही.

"उद्यापासून नको वं दूध."

"काहून, काकू? काय झालं?"

शामलाबाईंनी फाटकावरूनच मोबाईल पुढे केला. मी त्यात होतो. प्रेमिलाबाईंनी मला ओळखलं आणि क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी मथळा वाचला.

आठवड्यात निम्म्याहून जास्त घरं बंद झाली. गावातल्या वीस बायका रोज कॅन भरून आणायच्या आणि भरलेलेच परत न्यायच्या. त्यातली एक म्हणाली, "तुह्या फोटोपायी आमचं दूध नालीत चाललं." प्रेमिलाबाईंना सगळ्यात जास्त हेच लागलं. बायकांनी दुसरीकडे दूध घालायचं ठरवलं तर त्यांचा हा व्यवसाय महिनाभरातच बसणार होता. त्या अश्विनच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, फोटो तुमीच काढला होता ना?"

"हो, ताई."

"मंग तुमीच सांगा आता लोकाइले."

अश्विनने मोबाईल चाळला. पण तो मोबाईलच नवा. जुना बिघडला तेव्हा मूळ फोटो त्याच्यासोबत गेला. त्याच्याकडे मी होतो तो फिरून आलेला, लाल गोलासकट. त्याने मधुकररावांना फोन लावला. सगळं ऐकून मधुकरराव म्हणाले, "डॉक्युमेंट म्हणून पाठवला होता ना? मंग आहे संग्रहात." आणि ते उठून वेब डेस्ककडे गेले.

पुढे जे झालं ते मी सोनिकाच्या पडद्यावरून पाहिलं.

"सर, मी 'संग्रहित' लिहिलं होतं," सोनिका म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "हे बघा."

मधुकररावांनी आपला मोबाईल तिच्यासमोर ठेवला. रामटेकचा ग्रुप उघडा होता. "आता यात दाखव मले."

तिने खालीवर सरकवून पाहिलं. ओळ कुठेच नव्हती.

श्रीधर खुर्ची फिरवून म्हणाले, "सर, टेन्शन नका घेऊ. डिलीट मारतो. विषय खतम."

"कोणाचा विषय खतम? तुझा का त्या बाईचा?"

"म्हणजे?"

"अरे, लिंक तर लोकांजवळ आहे. उद्या ते उघडतीन तं काय दिसन? पान सापडत नाही. मंग काय समजतीन ते? बाईनं पैसे चारले, पेपरवाल्यानं बातमी दाबली. म्हणजे आज संशय आहे, तो उद्या पक्का."

श्रीधर थोडे चिडले. "सर, ही आठवड्यात सगळ्यात जास्त चाललेली बातमी आहे. दोन लाखांवर लोकांनी पाहिली. त्याच पानावर आपली चूक लिहायची?"

"त्याच पानावर. सहाव्या पानाच्या कोपऱ्यात दिलगिरी छापायचे दिवस गेले गा. तिथं कोणी पाहत नव्हतं, म्हणून तं आपल्याले ते आवडत होतं."

कोणीतरी फिस्सकन हसलं. श्रीधर हसले नाहीत, पण माऊसवरचा हात त्यांनी बाजूला घेतला.

मधुकररावांनी संग्रहातून मला, मूळ मला, बाहेर काढलं. माझी पत्रिका उघडली. चौदा मे, अकरा बेचाळीस, पारशिवनी तालुका. सोबत अश्विनची ओळ. दोन वर्षांत मला कोणी एवढं नीट वाचलं नव्हतं. मी खोटा नव्हतोच. मला खोट्या जागी उभं केलं होतं. हे कोणालातरी कळलं आणि मला श्वास घेतल्यासारखं वाटलं.

मी तरीही घाबरलेला होतो. कारण त्यांनी आता प्रेमिलाबाईंना फोन लावला आणि विचारलं, "ताई, हा फोटोच काढून टाकायचा का? तुम्ही सांगान तसं करू."

माझ्यामुळे त्या बाईला लोकांची दारं बंद झाली होती. काढून टाका म्हणाल्या असत्या तर मी तोंड उघडलं नसतं.

पलीकडून आवाज आला, "राहू द्या, साहेब. लपवाले मी काही केलं का? पण खाली नका लिहू आता. फोटोवरच लिहा. मोठ्ठं. दूध काहून ओतलं ते."

सोनिकाने ते स्वतः केलं. माझ्या अंगावरच जाड पट्टी आली, 'फोटो दोन वर्षांपूर्वीचा. वीज नसल्याने नासलेले दूध प्रेमिला यांनी विकले नाही, ओतून दिले. लकडगंजच्या धाडीशी संबंध नाही.' आता मला कोणी कुठेही न्या, कितीही स्क्रीनशॉट काढा, पट्टी सोबत येते. बातमी त्याच लिंकवर राहिली. मथळा साधा झाला आणि सगळ्यात वर, वेळ घालून, दुरुस्ती लिहिली. सोनिका कॅमेऱ्यासमोर बसली आणि मिनिटभराचा व्हिडिओ केला. पहिलंच वाक्य होतं, "चूक आमची आहे." अश्विनने तो प्रत्येक ग्रुपवर टाकला. लाल गोल काढणाऱ्याला वेगळा पाठवला आणि खाली लिहिलं, 'भाऊ, गोल चांगला काढता तुमी. आता हेही तेवढ्याच मेहनतीनं फिरवा.'

खोटं दोन लाख लोकांनी पाहिलं होतं. दुरुस्ती अकरा हजारांनी पाहिली. मला राग येतो या हिशेबाचा, आणि तो येतच राहणार. पण त्या अकरा हजारांत रामटेकची ती गल्ली होती. प्रेमिलाबाईंना दोन लाख माणसं नको होती, ती गल्ली पाहिजे होती.

चौथ्या दिवशी शामलाबाई स्वतः फाटकाबाहेर उभ्या होत्या. हातात दुधाचा गंज, म्हणजे पातेलं.

"अवं प्रेमिला, थांब ना."

प्रेमिलाबाईंनी मोपेड थांबवली, पण उतरल्या नाहीत. "फोटोतल्या बाईचं दूध चालते का, काकू?"

"मार आता मले दोन. चुकलं माह्यं." शामलाबाईंनी गंज पुढे केला. "अन् अर्धा लिटर जास्त दे. जावई येऊन राहिले."

प्रेमिलाबाई हसल्या. जन्माच्या वेळी पदराआड मला त्यांचा चेहरा नीट दिसला नव्हता. हे हसू मी शामलाबाईंच्या ओट्यावर ठेवलेल्या मोबाईलमधून पाहिलं.

सगळी घरं परत आली नाहीत. चार-पाच अजून बंद आहेत. पण वीसही बायका रोज कॅन आणतात आणि रिकामे परत नेतात. माझ्या काही जुन्या प्रती, पट्टी नसलेल्या, अजून भटकताहेत. कधीतरी दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्याच बाईचं नाव लावून त्या पुन्हा उगवतील. तेव्हा माझी विनंती आहे. पुढे ढकलायच्या आधी मला विचारा, तू कधीचा, कुठला, तुला कोणी काढलं? इंटरनेटवर फोटोवरून फोटो शोधता येतो; शोधा, मूळचा मी सापडेन. आणि तेवढा वेळ नसेल, तर निदान पाठवू नका. न पाठवल्याने आजवर कोणाचं दूध बंद पडलेलं नाही.

परवा अश्विन पुन्हा प्रेमिलाबाईंकडे गेला होता. गिऱ्हाईक परत आलं, याची छोटी बातमी करायची होती. त्याने मोबाईल उचलला, तशा प्रेमिलाबाईंनी हात आडवा केला.

"थांबा, भाऊ. आधी काय लिहिता ते लिहा. मले वाचून दाखवा. मंग काढा."

अश्विन तिथेच, दुधाच्या कॅनवर मोबाईल टेकवून, लिहायला लागला. वीसही बायका भोवती उभ्या राहून ऐकत होत्या, आणि एकीने त्याला गावाचं नाव दुरुस्त करून दिलं.