रिकामा माळ कुणी पाहिलाय?

भाताच्या पेंढ्या बांबूवर वाळत घालता घालता आम्हा मायलेकींत जुंपली. सत्त्याण्णवची सुगी. माझी लेक मंजुषा जपानात ओसाकाला शिकायला आली, तिथल्याच शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न करून त्याच्या डोंगरगावात राहिली. मी मदतीला आले होते.

माझ्या नऊ वर्षांच्या नातीच्या, नैनाच्या वर्गाचं नाटक होतं. शंभर-दीडशे वर्षांमागं अमेरिकेतली माणसं जमिनीच्या ओढीनं गाड्या जुंपून पश्चिमेला गेली, त्याचं. गाडीचं छप्पर माझ्या लुगड्याचं.

"आजी, मी गाडीतून उतरते आणि म्हणते, इथे कोणीच नाही! जमीन आपली!"

"कुनीच न्हाई? मंग तितली मानसं काय ढगात ऱ्हात हुती?"

"आई, शाळेचं नाटक आहे," मंजुषा वैतागली. "पोर आधीच वर्गात वेगळी दिसते. तू आणखी काही शिकवू नकोस."

"तुज्या जल्माआदी गाव धरनात बुडालं. सायेब म्हनला, माळ मोकळा हाय, जावा. गेलो तर म्होरं धनगरीन काठी घिऊन हुबी! म्हनली, सायबानं दिला, पर मला कुनी इचारलं?"

"मग परत गेलात?" नैनानं विचारलं.

"कुटं जानार? मागं पानी, काखंत पोरं. पर माज्या सासूनं आदी तिच्या मेंढरास्नी वाट सोडली, मंग नांगर घातला. माळ रिकामा हुता, आसं आमी कदी म्हनलो न्हाई."

"पुरे, आई."

"ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाई."

नाटकाचे दोन दिवस दोन खेळ होते. पहिल्या दिवशी पुठ्ठ्याचे बैल आले, गाडी थांबली, नैना उतरली. मला जपानी येत नाही, पण रोज ऐकून तिचं वाक्य पाठ झालं होतं. हे ते नव्हतं.

"काय म्हनली गं?"

मंजुषानं माझं मनगट घट्ट धरलं. "थांबा, म्हणतेय. इथे माणसं राहतात. आधी त्यांना विचारू."

पडद्याआडून वर्गाच्या बाईंनी मूळ वाक्य सांगितलं. पोरीनं मान हलवली. पुन्हा सांगितलं. नैना हात पसरून गाडीला आडवी झाली. गाडीवानाचं काम करणाऱ्या पोरानं आधी बाईंकडे पाहिलं, मग नैनाकडे. त्यानं बैल मागं घेतले.

पडदा पडल्यावर बाई तरातरा आमच्याकडे आल्या, काहीतरी विचारू लागल्या. मी पदर खोचून उठणार, तोच मंजुषा उभी राहिली. कमरेत लवून नमस्कार केला आणि शांतपणे दोन वाक्यं बोलली. बाईही लवल्या आणि परत फिरल्या.

"काय सांगटलंस गं तिला?"

"सांगितलं, ते वाक्य आमच्या घरचं आहे. उद्याच्या खेळातही ती तेच म्हणेल."