सहावं छिद्र

गॅसवर लालभडक केलेली सळई मावशींनी बांबूवर टेकवली आणि धूर सरळ नाकात गेला. समोर बासरी घट्ट धरून बसलेला नवरा ठसकला.

"चांगली बासरी आहे ती," तो म्हणाला.

"हलू नका. हात भाजेल."

"कुणाचा?"

"हलून बघा, म्हणजे कळेल."

बासरीच्या वर्गात सगळ्यांत मोठ्या म्हणून सगळेच त्यांना मावशी म्हणत, सरसुद्धा. संधिवाताने त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आखडली होती. सरळ होईल तर शपथ. मोठ्या बासरीच्या सहाव्या, शेवटच्या छिद्रावर ते बोट पोचत नसे, हवा निसटे आणि सगळ्यांत खालचा सूर फाटे. येत्या कार्यक्रमाची सुरुवातच त्या सुराने होती आणि तो मावशींकडे होता. परवा सरांनी सगळ्यांदेखत समजूत काढली, "मावशी, आता लहान बासरी घ्या. मागच्या रांगेत आरामात वाजवा." त्या 'आरामात'चा मावशींना भयंकर राग आला. घरी येऊन त्यांनी सळई काढली. मग जुनं छिद्र मेणाने बुजवलं आणि आखडलेलं बोट आपसूक जिथे टेकत होतं तिथेच, जरा अंगाकडच्या बाजूला, नवं पाडलं.

वर्गात त्या मोठी बासरी घेऊन पुढच्याच रांगेत बसल्या. सरांच्या कपाळाला आठी पडली. कुणाचा सूर अडला की त्याचीच बासरी घेऊन वाजवून दाखवायची, अशी त्यांची सवय. आज सूर अडायच्या आधीच त्यांनी हात पुढे केला. छिद्रांकडे ते कधी बघत नसत. बोटं आपली आपण जागेवर पडत. त्यांनी डोळे मिटून फुंकर घातली. खालचा सूर लागलाच नाही, त्याच्या वरचा आला. बोटं आणखी दाबून पाहिली, तरी तोच. मागे कुणीतरी हसू दाबलं.

सरांनी बासरी फिरवून पाहिली. अंगठा आधी मेणावर थांबला, मग काळ्या कडेच्या नव्या छिद्रावर.

"मावशी, हे काय करून ठेवलंत? अशी पद्धत नाही."

"माझी आहे."

"ही आता मलाही वाजवता येणार नाही. तुमचं चुकलं तर दाखवू कसं?"

"नका दाखवू. ऐका."

मावशींनी हात पुढे केला. तो मागे घेतला नाही. सरांनी जरा वेळाने बासरी दिली. बोटं बसवून मावशींनी सूर लावला. कडेला थोडा खरखरीत होता, पण अख्खा होता.

"किंचित उतरलाय," सर म्हणाले.

मावशींनी बासरी ओठावरून काढली नाही. सर त्यांच्याकडे बघत राहिले. मग बाकीच्यांकडे वळले.

"सूर जरा उतरवून घ्या," ते म्हणाले. "सगळ्यांनी."